विषय : बंद पडलेला सेन्सर ॲपवर ‘सुरक्षित’ दाखवला गेल्याबाबत तक्रार

कराड, दि. ९ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

मी ६७ वर्षांचा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. १९ वर्षांपासून शुगर आहे. गेली चार वर्षे दोन्ही तळपाय बधिर आहेत. डॉक्टर दहा ग्रॅमचा दाब देणारी नायलॉनची तार तळव्याला टोचून पाहतात, ती मला एकाही जागी कळत नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या चवड्याला, अंगठ्याच्या बुडाशी, एक जखम होऊन बरी झाली. तिथे घट्टा येत राहतो आणि दर महिन्याला तो तासून घ्यावा लागतो.

म्हणून १२ एप्रिलला आपले बुटात घालायचे सेन्सरचे सोल १८,५०० रुपयांना मागवले. प्रत्येक सोलमध्ये तळव्यावरचा दाब मोजणारे आठ सेन्सर, मोबाईलवर पावलाचे चित्र, दाब जास्त झाला की तांबडे, मध्यम असला की पिवळे, ठीक असला की हिरवे. पहिले पाच-सहा आठवडे वस्तू चांगली चालली, हे आधी मान्य करतो. मंडईत उभा राहिलो की थोड्या वेळाने खिशात फोन थरथरायचा आणि मी कट्ट्यावर बसायचो. ज्या पायाला काही कळत नाही त्याच्या वतीने कोणीतरी बोलतेय, याचा मोठा आधार वाटला.

मे संपता संपता उजव्या अंगठ्याखालचा ठिपका, जो रोज दुपारपर्यंत तांबडा व्हायचा, तो दिवसभर हिरवा राहू लागला. मला वाटले चालण्यात सुधारणा झाली. घरात सांगूनही टाकले. रोज रात्री आरसा धरून तळवा बघायची सवय होती, ती याच काळात सुटली. ही चूक माझी, ती आपल्यावर ढकलत नाही.

२२ जूनला मोजे धुवायला घेताना पत्नीला उजव्या मोज्यावर डाग दिसला. (डॉक्टर पांढरेच मोजे घालायला का सांगतात ते त्या दिवशी कळले.) घट्ट्याखाली हरभऱ्याच्या डाळीएवढे छिद्र पडले होते. हाडापर्यंत गेले नव्हते, एवढे नशीब. पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातले आहे आणि निदान सहा आठवडे ते राहील असे सांगितले आहे. त्या दिवशीही ॲपवर ती जागा हिरवीच होती.

मग मी सोल बुटातून काढून टेबलावर ठेवला आणि एकेका सेन्सरवर अंगठ्याने जोर दिला. सातांचे आकडे वर गेले. आठवा, नेमका चवड्याखालचा, शून्यावरच. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या भाच्याने मल्टिमीटर लावून पाहिले. चवडा जिथे पावलागणिक वाकतो तिथे आतली तार तुटली होती. या जातीच्या सेन्सरवर दाब पडला की विजेला होणारा अडथळा कमी होतो, दाब नसला की तो प्रचंड असतो. तार तुटली तरीही अडथळा प्रचंडच दिसणार. म्हणजे ‘दाब नाही’ आणि ‘सेन्सर मेला’ या दोन गोष्टी आपल्या ॲपला सारख्याच दिसतात, आणि दोन्हींना ते हिरवा रंग देते.

माझी तक्रार तार तुटल्याची नाही. वस्तू आहे, बिघडणारच. पण माल भरून उभ्या असलेल्या गाडीच्या टायरमध्ये गेजने शून्य हवा दाखवली, तर डेपोतला नवा पोऱ्यासुद्धा आधी गेज तपासतो. ७८ किलोचा माणूस दिवसभर चालतोय, आजूबाजूचे सात सेन्सर वर-खाली होत आहेत आणि एकटा आठवा तीन आठवडे शून्यावर, हे ओळखायला फार हुशार संगणक लागत नाही. बिघडलेल्या गेजला आम्ही लाल फडके बांधून ठेवायचो. आपण त्याला हिरवा दिवा लावलात, आणि तोही दुखणे न कळणाऱ्या माणसासमोर. पायाचे दुखणे कळणाऱ्या गिऱ्हाइकाला ही चूक चालून गेली असती. माझ्याकडे या बाबतीत दुसरा डोळा नव्हता.

आपल्याकडून आजवर तीन उत्तरे आली. पहिले, ॲप काढून पुन्हा टाका. दुसरे, घामाने झालेली खराबी वॉरंटीत बसत नाही. बुटात घालायच्या वस्तूला घाम चालत नसेल तर तसे खोक्यावर ठळक लिहा. शिवाय इतकी वर्षे शुगर असलेल्या माझ्या पायांना घाम जवळजवळ येतच नाही, ते कोरडे पडून भेगाळतात, हे मधुमेहींसाठी सोल विकणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते. तिसरे उत्तर सगळ्यात चमत्कारिक : हे ‘वेलनेस’ उत्पादन आहे, वैद्यकीय उपकरण नाही. खोक्यावर मात्र ‘मधुमेहींच्या पायाच्या जखमा टाळा’ असे छापले आहे. आजार टाळण्यासाठी म्हणून विकलेली उपकरणेसुद्धा १ एप्रिल २०२० पासून औषध कायद्याखाली येतात. आपला परवाना क्रमांक कळवावा.

माहितीपत्रकात ‘जखमा ७१ टक्क्यांनी कमी’ असेही आहे. भाचीने शोधून दिले. तो आकडा २०१९ साली ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आलेल्या मँचेस्टरच्या अभ्यासातला आहे. त्यात शेवटपर्यंत ५८ रुग्ण होते, सोल दुसऱ्या कंपनीचे होते आणि इशारा मनगटावरच्या घड्याळात यायचा. दुसऱ्याच्या गाडीचे ॲव्हरेज आपल्या गाडीवर चिकटवल्यासारखे हे झाले.

माझ्या मागण्या अशा. पैसे परत करावेत आणि ड्रेसिंग-प्लास्टरचा खर्च द्यावा, हे आहेच. पण त्याआधी, माझ्यासोबतच्या बॅचचे सोल ज्यांनी घेतले त्या सर्वांना आठ दिवसांत फोन करून, मराठीत किंवा त्यांच्या भाषेत, प्रत्येक सेन्सर हाताने दाबून बघायला सांगावे. मोजमाप येत नसेल तिथे ॲपने हिरवा रंग न दाखवता फुली दाखवावी आणि फोन वाजवावा. रोज सकाळी सोल घालण्यापूर्वी तपासणी झाल्याशिवाय ॲप पुढे जाऊ नये.

माझी पहिली मेल २४ जूनची आहे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. २४ जुलैपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपण उजवा सोल ‘तपासणीसाठी’ परत मागवला आहे, तो पाठवणार नाही. आपल्या माणसाने इथे यावे आणि माझ्यासमोर दाबून पाहावे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, जखमेचे दोन फोटो, ॲपच्या १ ते २२ जूनच्या नोंदी.

ता. क. : पाय प्लास्टरमध्ये असल्याने दोन्ही सोल दोन आठवडे कपाटात आहेत. काल रात्री ॲपवर संदेश आला, ‘शाब्बास! आज दिवसभर तुमचे पाय सुरक्षित होते.’ त्याचाही फोटो जोडला आहे.