गाड्यांची थेट माहिती नागरिकांना खुली मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेल्वे स्थानकावर गाड्यांच्या वेळा दाखवणारा जो दिव्यांचा फलक असतो, त्याची हातभर लांबीची चालती प्रतिकृती आता घरी तयार करता येते. मी असा फलक बनवून दिवाणखान्यात लावला आहे. त्या कामात गाड्यांच्या थेट माहितीची जी अडचण प्रकर्षाने जाणवली ती माझ्यापुरती नसून सोलापुरातील प्रत्येक हौशी नागरिकाला आणि विद्यार्थ्याला येणारी आहे, म्हणून ती आपल्या दैनिकामार्फत रेल्वे प्रशासनासमोर मांडत आहे.

फलकाचे सामान अवघड नाही. आडवे ६४ आणि उभे ३२ दिवे असलेली दोन एलईडी पॅनेल शेजारी शेजारी जोडली, पाच व्होल्टचा पुरेसा ताकदीचा वीजपुरवठा दिला आणि वाय-फाय असलेला ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी संगणकीय चिप) बसवला की यंत्र उभे राहते. अचूक जागतिक प्रमाणवेळ इंटरनेटवरील वेळ-सर्व्हरकडून मिळते. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ होते.

खरे कष्ट मराठी अक्षरांसाठी पडतात. अशा यंत्रांसाठी सहज मिळणारी सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडत जातात. मात्र देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना त्याच्या आधी यावी लागते, शिवाय ‘सिद्धेश्वर’सारख्या नावातील जोडाक्षरे त्या सॉफ्टवेअरला जुळवता येत नाहीत. त्यावर उपाय असा, की प्रत्येक गाडीचे आणि गावाचे नाव संगणकावर आधीच ठिपक्यांच्या चित्रात रूपांतरित करून यंत्राच्या स्मृतीत ठेवायचे. दोन ओळींसाठी प्रत्येकी १६ ठिपक्यांची उंची मिळते; तीतून वरच्या मात्रा आणि खालचे उकार वजा केले तर मूळ अक्षराला जेमतेम निम्मी जागा उरते. तेवढ्यात ‘कुर्डुवाडी’ वाचता येईल असे बसवणे हे एका संध्याकाळचे काम नव्हे, पण ते केलेच पाहिजे, कारण घरातील ज्येष्ठांना मोबाइल न उघडता वाचता यावे हाच अशा फलकाचा पहिला उपयोग आहे.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो तो थेट माहितीचा. सोलापुरातूनच सुटणाऱ्या वंदे भारत, हुतात्मा किंवा सिद्धेश्वर या गाड्यांसाठी बहुतेक दिवशी छापील वेळापत्रक पुरते. परंतु उद्यान, हुसेनसागर किंवा भुवनेश्वरहून येणारी कोणार्क यांसारख्या दुरून येऊन पुढे जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत वेळापत्रक सांगते एक आणि गाडी असते कुठे दुसरीकडेच. तिथे ताज्या माहितीवाचून फलकाला अर्थ नाही. ही माहिती आज रेल्वेच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर माणसाला पाहता येते, मात्र घरगुती यंत्राला थेट वाचता येईल अशा रूपात ती सर्वसामान्यांसाठी खुली नाही. परिणामी हौशी मंडळींना खासगी मध्यस्थांच्या सेवा घ्याव्या लागतात. अशी सेवा पूर्वसूचना न देता बंद पडू शकते, आणि तिने दिलेली वेळ किती जुनी आहे हेही नेहमी कळत नाही. त्यामुळे माझ्या फलकावर माहिती शिळी होताच ओळ मंद होते आणि शेवटच्या नोंदीची वेळ पुढे येते. चुकीची वेळ ठळक दाखवण्यापेक्षा हे बरे, असे माझे ठाम मत आहे.

रेल्वेकडे माहितीचा तुटवडा नाही. इस्रोच्या सहकार्याने उभारलेल्या आरटीआयएस (रिअल टाइम ट्रेन इन्फर्मेशन सिस्टिम) या प्रणालीत इंजिनावर बसवलेले उपकरण उपग्रहाच्या साहाय्याने गाडीचे स्थान टिपते आणि दर ३० सेकंदांनी कळवू शकते. ब्रिटनमध्ये रेल्वेची थेट माहिती नोंदणी करणाऱ्यास मिळते, आणि तेथील हौशी लोकांनी पिवळ्या अक्षरांचे चिमुकले फलक घरोघरी लावले आहेत ते त्यामुळेच. आपल्याकडेही दिल्लीत बसगाड्यांची थेट माहिती खुली करण्यात आली आहे. केंद्र सरकारने माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण २०१२ सालीच स्वीकारले असल्याने नव्या धोरणाचीही गरज नाही.

सुरक्षेचा आणि सर्व्हरवरील ताणाचा आक्षेप घेतला जाईल, याची मला जाणीव आहे. परंतु जी वेळ आधीच सर्वांना संकेतस्थळावर दिसते तीच मागितली जात आहे. प्रवाशांच्या नावांचा वा आरक्षणाचा येथे संबंध नाही. प्रत्येक नोंदणीधारकाला दिवसाकाठी किती वेळा माहिती मागवता येईल याची मर्यादा घालता येते, आणि घरच्या फलकाला दोन मिनिटांतून एकदा विचारणा पुरेशी असते.

माझी विनंती मोजकी आहे. स्थानकाचा संकेतांक (कोड) दिल्यावर पुढील चार तासांतील गाड्यांचे क्रमांक, मराठी नावे, नियोजित वेळ, अपेक्षित वेळ, फलाट आणि नोंदीची वेळ एवढेच देणारी मोफत, नोंदणीकृत सेवा रेल्वेने सुरू करावी. तिचा प्रयोग सोलापूर विभागात करता येईल. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूरला जाणारे कितीतरी भाविक याच स्थानकावर उतरतात आणि येथूनच परततात. त्यांच्यासाठी भक्तनिवासांत, लॉजवर, एसटी स्थानकात आणि शासकीय रुग्णालयाच्या दारात असे फलक लावण्याचे काम येथील अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांचे विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आनंदाने करतील. त्या विद्यार्थ्यांना ठिपक्यांची मराठी नावे आणि जोडणीचा आराखडा विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर