कॅलेंडर जोडण्याआधी ग्राहकाची ओळख ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दवाखाने, ब्युटी पार्लर, विमा सल्लागार यांना ‘ऑनलाइन अपॉइंटमेंट थेट ग्राहकयादीत उतरेल, पाच मिनिटांचे काम’ असे सांगणारे हल्ली बरेच भेटतात. पाच मिनिटे खरीच लागतात. झॅपियर, मेक किंवा एन-एट-एन या दोन सॉफ्टवेअर आपसांत जोडणाऱ्या साधनांत एका बाजूला गूगल कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला झोहो किंवा हबस्पॉट हे ग्राहकयादीचे सॉफ्टवेअर निवडून परवानग्या दिल्या की पहिली नोंद उतरते. घोळ सुरू होतो दुसऱ्या नोंदीपासून. आलेला माणूस जुना की नवा हे कशावरून ठरवायचे, ते कोणी विचारलेलेच नसते.

हबस्पॉट ग्राहक ओळखतो ईमेलवरून. आपल्याकडे ईमेल नावापुरता. फॉर्म अडून बसतो म्हणून मुलाचा नाहीतर शेजाऱ्याचा टाकला जातो. खरी ओळख मोबाइल नंबर. गूगलच्या बुकिंग फॉर्मवर फोनचा रकाना आपण स्वतः जोडावा लागतो, आणि भरलेला नंबर कॅलेंडरच्या नोंदीत वर्णनाच्या मजकुरात येऊन पडतो. तिथून तो वेगळा काढायची पायरी जोडणीत हवीच.

काढलेला नंबर तसाच वापरू नये. कोणी आधी शून्य लावतो, कोणी +९१, कोणी मध्ये जागा सोडतो. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. आधी सुरुवातीला अधिकचे चिन्ह आहे का ते पाहावे. असेल आणि पुढे ९१ नसेल तर नंबर परदेशातला, त्याची काटछाट करू नये. अमेरिकेतले नंबरही देशाचा कोड सोडला तर दहाच अंकी असतात, त्यामुळे सरसकट ‘शेवटचे १० अंक’ उचलणारा नियम तिथे फसतो. बाकीच्या नंबरांतून मोकळ्या जागा आणि रेघा काढून शेवटचे १० अंक घ्यावेत, पहिला अंक ६ ते ९ मधला आहे याची खात्री करावी आणि +९१ लावून साठवावे. जुनी यादीही याच चाळणीतून काढल्याशिवाय जोडणी सुरू करणे म्हणजे दुहेरी नोंदींना आमंत्रण.

एका नंबरावर अख्खे कुटुंब असते, हे परदेशी सॉफ्टवेअरच्या गावी नसते. नंबर जुळला पण नाव वेगळे निघाले तर जुने नाव पुसू नये. ‘तपासा’ असा शेरा टाकून ती नोंद माणसाकडे सोपवावी. नुसत्या नावावर जुळणी मुळीच नको, इंग्रजीत चौधरी चार तऱ्हांनी लिहिले जातात.

वेळ बदलली की नवी नोंद तयार होणे, ही दुसरी नेहमीची तक्रार. कॅलेंडरमधल्या प्रत्येक अपॉइंटमेंटला स्वतःचा आयडी (ओळख क्रमांक) असतो आणि वेळ पुढे ढकलली तरी तो बदलत नाही. ग्राहकयादीत त्यासाठी एक रकाना राखावा. आयडी सापडला तर जुनी नोंद दुरुस्त, नाही सापडला तरच नवी. रद्द झालेल्या भेटींसाठी वेगळा ट्रिगर, म्हणजे जोडणीला कामाला लावणारा इशारा, लावावा. दोन्ही दिशांनी जोडणी केली तर कॅलेंडर यादीला जागे करते, यादी कॅलेंडरला, आणि हे चक्र थांबत नाही. लहान व्यवसायाला एकच दिशा पुरते.

साडेनऊची भेट पहाटे चारची दिसली तर साडेपाच तासांचा फरक ओळखावा: कुठल्यातरी पायरीवर वेळ जागतिक वेळेत गेली आहे. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा प्रत्येक पायरीवर तपासावा.

सगळे ठीक चालून बरोबर आठवड्याने बंद पडते, त्याचे कारण बहुतेकांना सापडत नाही. एन-एट-एनसारख्या साधनाला परवानगी देण्यासाठी गूगलकडे स्वतःचे ॲप बनवून ते ‘टेस्टिंग’ (चाचणीच्या) अवस्थेत ठेवले, तर कॅलेंडरची परवानगी ७ दिवसांत संपते. ते ‘प्रॉडक्शन’ (प्रत्यक्ष वापराच्या) अवस्थेत न्यावे लागते. शिवाय जोडणी तुटली की आपल्याला कळेल अशी सूचनाही लावून घ्यावी, नाहीतर बिघाड कळतो तो ग्राहक दारात येऊन उभा राहिल्यावर.

दवाखान्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. कॅलेंडरच्या शीर्षकात ‘मूळव्याध, दुसरी भेट’ असे लिहिले असेल तर तेही मधल्या कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. पुढे फक्त नाव, नंबर आणि वेळ पाठवावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. रुग्णाची तक्रार विनाकारण फिरवणे अंगाशी येऊ शकते.

जोडून देणाऱ्याकडून चार चाचण्या समोर करून घ्याव्यात: नवे बुकिंग, त्याचीच वेळ बदलणे, रद्द करणे, आणि त्याच मोबाइलवरून दुसऱ्या नावाने बुकिंग. पाचवी चाचणी आठव्या दिवशी, आणि उरलेले पैसे त्यानंतर.

आपला,
एक ऑटोमेशन सल्लागार, पुणे