हवेतलं घर

ब्यूट, मोंटाना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मुलीकडे, बोझमनला, येऊन महिना झाला. काल जावयाबरोबर दीड तासावरच्या ब्यूटला आलो, रात्री इथेच राहिलो. झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय. तांबट आळीत वाढलेल्या तुलाच हे सांगावंसं वाटलं. तुमच्या ओसरीवर बसून मी तासन् तास मठारकाम बघायचो, पण तो तांब्याचा पत्रा कुठल्या जमिनीतून येतो, हे कधी मनातही आलं नाही.

इथे आधी जमिनीखालच्या तांब्याच्या खाणी होत्या. 1917 मध्ये त्यातल्या एकीत आग लागून 168 माणसं गेली. पुढे चांगल्या शिरा सरत आल्या, तेव्हा ॲनाकोंडा कंपनीनं 1955 साली वरूनच डोंगर फोडायला घेतला. त्याला बर्कली पिट म्हणतात. शंभर किलो दगडातून जेमतेम किलोभर तांबं, तेव्हा खड्डा वाढवत नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वाटेत मीडरव्हिल आलं, इटालियन खाणकामगारांची वस्ती. मग मॅक्वीन. दोन्ही गेली. कोलंबिया गार्डन्स नावाची गावाची लाडकी बाग होती, पोरांचे झोके, चक्री, सगळं. तीही 1973 मध्ये बंद केली. ज्यांची घरं गेली, त्यांच्यातलेच कितीतरी त्या खाणीवर कामाला होते. पोटासाठी स्वतःची आळी खणायची! त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. कंपनीला मात्र देतो.

एका बोगद्यातून चालत गेलं की खड्ड्याच्या काठावर सज्जा आहे. समोर दीडेक किलोमीटर लांब, तपकिरी-लालसर पाणी. 1982 मध्ये पाणी उपसणारे खालचे पंप बंद केले आणि जुन्या बोगद्यांतून पाणी चढत गेलं. दगडातलं गंधक हवापाण्याला भेटलं, त्याचं आम्ल झालं. त्यात तांबं इतकं विरघळलेलं, की भंगार लोखंडावरून हे पाणी सोडून तांबं काढायचे. लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं. तुझ्या आजोबांना हे बघायला फार आवडलं असतं. पण 1995 मध्ये याच पाण्यावर उतरलेले 342 हिमहंस मेले, आणि 2016 मध्ये तर हजारोंनी. आता पाखरं उतरू नयेत म्हणून बंदुकीचे बार काढतात. 2019 पासून पाणी उपसून, शुद्ध करून ओढ्यात सोडतात. हे काम कधी थांबवता येणार नाही.

सज्ज्यावर एक म्हातारी भेटली. मीडरव्हिलचीच. मी विचारलं, घर कुठे होतं? तिनं बोट दाखवलं. मी पाण्याकडे बघत राहिलो, तर मान हलवून तिनं बोट आणखी वर नेलं. पाण्याच्या कितीतरी वर, नुसत्या मोकळ्या हवेत. “तिथं स्वयंपाकघर,” म्हणाली. आणि जरा डावीकडे सरकवून, “तिथं शेजाऱ्यांचं अंगण.” डोंगरच नाही रे, तर घर कुठे दाखवणार!

एक काम आहे. आमचा बंब, तुझ्या आजोबांनी मठारलेला, धाकटा मोडीत घालायचं म्हणतोय. या आठवड्यात जाऊन तो घेऊन ये. तळाला डाख द्यावा लागेल, मजुरी मी आल्यावर देतो. मोडीत मात्र जाऊ देऊ नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिल