शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: सजावटीला १२ गुण, रेबीजला शून्य

मा. शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

रेबीज या जीवघेण्या आजारावरच्या सर्जनशील प्रकल्पाचा सुधारित गुणतक्ता मिळाला. उपक्रम जाहीर करताना आपण शब्द दिला होता की मुलं स्वतःचं मनोगत लिहितील आणि निम्मे गुण त्यालाच असतील. नव्या तक्त्यात २० पैकी १२ गुण सजावटीला, ८ फोटो वेळेत चढवण्याला. मनोगताच्या जागी तीन चौकोन: ‘आवडला’, ‘खूप आवडला’, ‘प्रेरणा मिळाली’. रेबीजपासून प्रेरणा कसली घ्यायची, तेही खाली छापलं असतं तर सोय झाली असती.

सजावटीचं फळ आम्ही रोज तपासतो. रेबीजच्या विषाणूच्या प्रतिकृती येतात त्या गोल, वर काटे. कोरोनाचाच चेंडू, रंग तेवढा लाल! रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. लांबी साधारण १८० नॅनोमीटर, रुंदी ७५. एक टोक गोलसर, दुसरं सपाट. म्हणजे २४ सेंटिमीटरचं नळकांडं केलं तर जाडी १० सेंटिमीटर हवी. कागदाच्या लगद्याचा एकदम जाड थर दिला तर तो बाहेरून वाळतो, आत ओला राहतो, मग तडे जातात आणि कुबट वास सुटतो. पातळ थर द्यायचा, तो पूर्ण वाळला की पुढचा. चार थरांना चार दिवस सहज लागतात. आपली मुदत तीन दिवसांची. मग थर्माकोलचा तयार गोळा विकत आणला जातो, यात मुलांचा काय दोष?

खरा प्रकल्प दोन स्पंजांत होतो. दोन्हींना एकसारखी चीर द्या आणि आत सेंटिमीटरभर खोल धुता येणाऱ्या शाईचे तीन थेंब सोडा. चीर म्हणजे कुत्र्याच्या चाव्याची जखम, शाई म्हणजे विषाणू. कायमची शाई घेतली की प्रयोग तिथेच संपला. एक स्पंज नुसत्या पाण्याखाली मिनिटभर धरा, दुसरा साबण लावून वाहत्या नळाखाली घड्याळ लावून १५ मिनिटं. स्पंज पिळायचा नाही. जखमही पिळायची नसते. वाडग्यात बुडवायचाही नाही, रंग तिथेच घोटाळतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मुलं कंटाळतात, ‘झालं’ म्हणतात. त्यांना थांबवून धरणं हाच निम्मा धडा. साबण का, तर विषाणूवरचं स्निग्ध आवरण त्याने फुटतं.

मग दोन्ही स्पंज कापायचे. दुसऱ्यातही तळाशी फिकट डाग दिसतो. इथे मूल अडतं: एवढं धुऊनही उरलं कसं? म्हणूनच धुतल्यावर लगेच लस, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. हे उत्तर मुलाने स्वतः लिहायचं, ते मनोगत. ते कुठल्या चौकोनात बसवायचं, तेवढं कळवा.

विषाणू चेतातंतूंवरून मेंदूकडे सरकतो. लक्षणं सहसा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्यातही. एकदा दिसली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. जगात वर्षाला अंदाजे ५९,००० मृत्यू, दहांतले चार पंधरा वर्षांखालचे. भागाकार करा: दर नऊ मिनिटांना एक. आमच्या चाळीस मिनिटांच्या तासिकेत चार, आणि त्याच तासिकेत आम्ही फोटोंचा आकार कमी करत बसलेलो असतो, कारण मोठा फोटो आपली यंत्रणा घेत नाही.

राग एका तक्त्याचा नाही. वर्गात काय घडलं हे वर कोणालाच नको असतं. पुरावा हवा असतो. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. मूल शिकलं का, याला रकाना नाही. अहवाल शंभर टक्के भरतात, शंभर टक्के समाधान मिळतं, आणि चावा घेतलेला पाय पाण्याखाली मिनिटभर धरून मूल खेळायला पळतं.

मागणी मोठी नाही. मुदत दहा दिवस करा. सजावटीचे १२ गुण काढून ‘काय चुकलं, का चुकलं, मत कशाने बदललं’ या तीन प्रश्नांना द्या. उत्तर अर्धं पान, मुलाच्या हस्ताक्षरात, शाई सांडलेली असली तरी चालेल. आणि ते वाचायला शिक्षकाला एक मोकळी तासिका द्या; त्या तासिकेचा फोटो मागू नका.

आपले,
विज्ञान शिकवणारे काही शिक्षक