आप्पांच्या रायफलीचं मॅगझिन

पुणे

ती. आई आणि ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की रायफलीचं मॅगझिन (काडतुसांची पेटी) हलतंय, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) पुढे नेला तरी काडतूस खालीच राहतं, आणि "ठोकून बसवतो मी." ते ठोकणं ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर तुमचा आवाज तुटत होता, म्हणून सगळं लिहूनच काढते. आई, तू हे त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखव. अर्धं ऐकून ते पेचकस हातात घेतील.

आधी रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, उजेडात बघा आणि करंगळी घालूनही बघा. काडतुसं मोजून दुसऱ्या खोलीत कुलपात. तुमच्यानंतर आईनेही बघायचं. घरात काडतूस भरून बोल्ट चालवून बघायचा नाही. ती परीक्षा दुरुस्तीवाल्याकडे डमी काडतुसांवर होते.

आता मूळ गोष्ट. आपली ३१५ बोअर ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, आणि तिचा सांगाडा फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचाच. थ्री नॉट थ्री (.३०३) हे त्या रायफलीचं, फौजेचं काडतूस, ते साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणून त्याच घडणीच्या रायफलीला ८ मिमीची नळी देऊन ती शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या हाती आली. या घडणीत मॅगझिन सारखं काढायचं-घालायचं नसतं. ते जागेवर राहतं आणि काडतुसं वरून भरतात. फौजेत तर आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) प्रत्येक रायफलीला तिचं मॅगझिन जुळवून द्यायचे, वर काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे ओठ जरा आत, जरा बाहेर करून. इथल्या शस्त्रागारात मी जुन्या थ्री नॉट थ्री उघडते, तेव्हा हेच दिसतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रायफलींची मॅगझिनं अदलाबदल केली, तर एक घट्ट बसतं आणि दुसरं खुळखुळतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न हा आहे: निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा होती, ती परत आल्यापासूनच हे सुरू झालं ना? तिथे एका खोलीत गावोगावच्या ३१५ ठेवलेल्या असतात. मॅगझिन काढून ठेवलं असेल आणि परत देताना दुसऱ्याचं लागलं असेल, तर तुमच्या रायफलीत काहीच बिघाड नाही. कोणावर आळ घेत नाही मी. पण आपल्या मॅगझिनच्या तळाला पोचा होता, तो अजून आहे का ते बघा. नसेल तर पावती आणि परवान्याचं पुस्तक घेऊन शांतपणे ठाण्यात जा.

मॅगझिन आपलंच असेल तर पुढे बघू. रिकामं मॅगझिन लावा, खालून अंगठ्याने वर दाबा आणि सोडा. खटकन वर-खाली होतंय? मग दोष बहुतेक खटक्यात. मॅगझिनच्या मागच्या बाजूला एक उभार आहे, ट्रिगर गार्डच्या आतल्या खटक्याचा दात त्याच्यात अडकतो. वर्षानुवर्षं घासून दोन्हींची धार जाते, मॅगझिन थोडं खाली लोंबतं, आणि बोल्ट काडतुसाच्या मागच्या काठाला न पकडता त्याच्यावरून निघून जातो. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

इथे एक गोष्ट नीट ऐका, आप्पा. या रायफलीत खटक्याला दाबून ठेवणारी स्प्रिंग आणि ट्रिगरच्या सिअरला (ताणलेली फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या तुकड्याला) दाबणारी स्प्रिंग एकच आहे. खटका मऊ लागत असेल, बोटाने ढकलल्यावर झटकन परत येत नसेल, तर प्रश्न मॅगझिनपुरता राहत नाही. सिअरच ढिलं असेल तर गोळी आपोआप सुटू शकते. तसं वाटलं तर त्या क्षणापासून रायफल बंद, कपाटात, कुलपात. यावर मी वाद घालणार नाही.

मॅगझिन हलत नाही, उलट अडकतं, असं असेल तर लाकूड बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नळीखालचं लाकूड आवळतं आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू ढिले पडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून मॅगझिनच्या बाजूंना घासतं. आईच्या निरांजनाची काजळी मॅगझिनच्या चारी बाजूंना हलकेच लावा, एकदा बसवा, काढा. जिथे काजळी पुसली गेली तिथे घासतंय. एवढं कळलं की थांबा. कानस लावायची नाही, लाकडाला नाही आणि पत्र्याला तर नाहीच. ओठ पक्कडीने वाकवू नका. केसभर जास्त वाकला तरी काडतूस एक तर उसळून वर येतं, नाही तर तोंड खाली घालून अडकतं. आणि काडतुसाला मागे काठ असल्याने भरताना वरच्याचा काठ खालच्याच्या काठापुढे हवा. तो मागे राहिला की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि माणूस मॅगझिनला दोष देतो.

कोणी "थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन आणून देतो" म्हणालं तर घेऊ नका. दिसायला सारखं असलं तरी त्या काडतुसाची केस ५६ मिमीची, आपली ५० ची. सात-बासष्टवाल्या (७.६२ मिमीच्या) ईशापूर रायफलीचं तर अजिबात नको, त्या काडतुसाला बाहेर आलेला काठच नसतो. शिवाय १९५९ च्या कायद्यात हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोजतात. बिनपरवान्याच्या माणसाकडून घेतलं तर या वयात कोर्टाच्या खेपा होतील. दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच, परवान्याचं पुस्तक सोबत नेऊन. दादाला गाडी काढायला सांगितलंय.

आणि मक्यात रानडुकरं येतात म्हणून रात्री एकटे मळ्यात जाऊ नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी तशीही चालवता येत नाही, आणि पुढच्या काडतुसाचा भरवसा नसलेली रायफल घेऊन डुकरासमोर उभं राहणं म्हणजे रिकाम्या हाताने जाण्याहून वाईट. कुंपणाच्या तारेत विजेचा झटका देणाऱ्या झटका मशीनचे पैसे मी पाठवते. केळीच्या बाजूने आधी तार ओढून घ्या, सातपुड्याकडून ती तिकडूनच उतरतात.

आई, तुझी बीपीची गोळी संपत आली असेल, ती आणायला विसरू नकोस. बामणोदची वांगी आली असतील. मी आले की कळण्याची भाकर आणि भरीतच कर, दुसरं काही नको.

आप्पा, मॅगझिनच्या मागच्या उभाराचा, वरच्या ओठांचा आणि तळाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून दादाच्या मोबाइलवरून पाठवा. बघून लगेच कळवते. तोवर रायफल कुलपात आणि किल्ली आईजवळ.

तुमची लेक