मुग्धे, धबधब्याच्या वेळी तूच बरोबर होतीस

प्रिय मुग्धे,

चार महिने एक मेसेज नाही आणि आता एकदम एवढं मोठं पत्र, शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत ठीक, यलो फिव्हरची लस झाली, दोन दिवस दंड दुखला, आईचं बीपी आहे तसंच. २१ तारखेला निघायचंय, इक्वाडोरच्या पस्ताझा प्रांतात, वाओरानी या आदिवासी लोकांच्या जंगलात, त्यांच्या नकाशाच्या कामाला मदत करायला. बाबा मला रोज गमबूट घालून हॉलमध्ये चालायला लावतात, म्हणे चावायचे ते इथेच चावू देत.

पण लिहायचं कारण वेगळंच. रविवारी त्याच कामाच्या प्रॅक्टिसला आमचा ग्रुप येऊरला गेला होता, पाटोणपाड्याच्या पुढे. जीपीएसने पॉइंट घ्यायचे, दाट झाडीखाली तो कसा भरकटतो ते बघायचं. तिथे उंबराखाली वाघोबा दिसला. लाकडी फळी, शेंदूर, कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, पुढे करवंटीत पावसाचं पाणी साचलेलं. मी फोटो काढला, पिन टाकली, नाव लिहिलं. मागून एक आजी आली, डोक्यावर मोळी, ती खालीसुद्धा न ठेवता म्हणते, काय मोजता गं? मी उत्साहात सांगायला लागले. ती म्हणाली, मोजायला येतो तो न्यायलाच येतो. आणि मग अगदी हळू, देवाला त्याच्यात घालू नको.

तिच्यासमोरच पिन डिलीट केली, तिला दाखवली. घरी येऊन बघते तर ती आधीच ग्रुपच्या चौदा जणांच्या फोनमध्ये उतरलेली. रात्री साडेअकरापर्यंत एकेकाला फोन केले, तेरा जणांनी काढली. एक जण म्हणतो, एवढं काय त्यात, अख्ख्या येऊरला माहितीये तो वाघोबा.

हे वाक्य कुणाचं होतं आठवतंय? माझं. तुझ्या मामाच्या गावचा धबधबा, मी लोकेशन टाकलं आणि तू ठाणे स्टेशनवर सगळ्यांसमोर मला झापलंस, मग वर्षभर अबोला. पुढच्या पावसाळ्यात तिथे बाटल्या आणि स्पीकर. मी कधी कबूल केलं नाही, आज करते. (संज्या अजून सांगत फिरतो की आपण वडापावच्या पैशांवरून भांडलो, फिरू दे.)

वाओरानींनी सरकारविरुद्धची केस जिंकली त्यात नकाशाचं केवढं काम होतं गं. सरकारच्या नकाशात त्यांचं जंगल म्हणजे नुसता ब्लॉक २२, तेलासाठी काढलेला. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जंगल पायाखाली घातलं, नद्या, शिकारीच्या वाटा, औषधी झाडं, सगळं स्वतः मांडलं. एप्रिल २०१९ मध्ये पूयोच्या कोर्टाने सांगितलं की सरकारने त्यांना विचारलं ते विचारणं खरं नव्हतंच, आणि सुमारे ५ लाख एकर वाचलं. मॅपिओ हे अॅप तर अशा लोकांबरोबर बसूनच बनवलंय, नेटशिवाय चालतं, माहिती त्यांच्याच हातात राहते. आम्ही जाणार ते बॅटऱ्या, सोलर पॅनल, फोन बघायला, नकाशा त्यांचा. हे सगळं मला तोंडपाठ आहे मुग्धे, इतरांना शिकवते मी, आणि घरापासून पाऊण तासावर मी विचारलंसुद्धा नाही. मग तिथे, जिथे मला भाषाही धड येत नाही, तिथे कुणी हळू आवाजात नको म्हणालं तर मला कळेल का? दोन रात्री हेच डोक्यात आहे. आईला सांगितलं तर म्हणाली मग जाऊ नकोस, तिला तेवढंच हवंय.

तुझं कसं चाललंय? चिनूला दात आला का, डोंबिवलीचं घर फायनल केलंत का, भाऊजींना विचारलंय सांग.

त्या चौदाव्याच्या घरी शुक्रवारी जातेय, समोर बसून काढायला लावणार. आणि रविवारी आजीकडे, झालं ते सगळं सांगायला. तू येशील का? सकाळी सातला स्टेशनवर भेट, येऊरची बस पकडू. फोन घरी ठेवून ये.

तुझी,
अनू