आई-बाबा, निखिलला खोटं बोलायला लावू नका

बेथेस्डा, मेरीलँड
मे 2024

ती. आई-बाबांस,
सविनय जयभीम.

काल फोन ठेवल्यावर निखिल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आई, तू विचारलंस, "आता दुखत नाही ना रे बाळा?" आणि तो म्हणाला, "नाही गं, एकदम मस्त." त्याच्या पाचच मिनिटं आधी नर्सने दुखणं दहापैकी किती म्हणून विचारलं होतं आणि त्याने सहा सांगितलं होतं. म्हणून हे पत्र. फोनवर तो शेजारीच असतो, मला मोकळं बोलता येत नाही.

आधी तब्येत सांगते. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर माझ्या रक्त तयार करणाऱ्या पेशी त्याला दिल्या, त्याला आज बाविसावा दिवस. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या आहेत. तोंड आलंय, त्यामुळे गिळताना त्रास होतो. माझ्या पेशी अंगाने नाकारू नयेत म्हणून दिलेल्या सिरोलिमसच्या गोळीने असं होतं. केस गेलेले नाहीत, आई, तू त्याचीच धास्ती घेतली होतीस. इथल्या पद्धतीत हाडातली जुनी मज्जा, जिथे रक्त तयार होतं ती, पूर्ण जाळून टाकत नाहीत. पाच दिवस अलेम्टुझुमॅब नावाचं औषध दिलं, मग एकदाच थोडं रेडिएशन, आणि मग माझ्या पेशी.

त्या दिवसाचं फोनवर नीट सांगितलंच नाही. माझ्याकडून आधीच घेऊन गोठवून ठेवलेली पिशवी खाटेजवळ कोमट पाण्यात सोडली. दोन नर्सनी त्याचं नाव आणि नंबर मोठ्याने दोनदा वाचला. लाल, जरा धुरकट पाणी, एवढंच ते दिसत होतं. नळीतून जायला लागलं तसा खोलीभर लसणासारखा वास सुटला. गोठवताना घातलेल्या औषधाचा असतो म्हणे. निखिल म्हणाला, "ताई, तोंडात आईची जवसाची चटणी आल्यासारखं वाटतंय." मी दारापर्यंत गेले आणि तिथेच रडले.

माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. पेशी वाढवायची पाच दिवस इंजेक्शनं घेतली तेव्हा कंबर आणि मांड्या अशा ठणकल्या की उठबस नको वाटायची. सहाव्या दिवशी एका हातातून रक्त मशीनमध्ये आणि दुसऱ्या हातातून परत, असे पाच तास. निखिलच्या दुखण्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही, पण हाडातून दुखणं म्हणजे काय ते त्या रात्री पहिल्यांदा कळलं. लहानपणी तो रात्रभर कण्हायचा आणि बाबा, तुम्ही खाणीतली ड्यूटी करून येऊन त्याचे पाय चेपत बसायचात. मी उशीत तोंड खुपसून झोपायचे. ते आता फार आठवतं.

बाबा, तुम्ही आकडे विचारले होते. इथल्याच डॉक्टरांनी 2014 साली 30 मोठ्या पेशंटचा अहवाल छापला. 26 जणांत भावाबहिणीच्या पेशी टिकल्या. चौघांत टिकल्या नाहीत, त्यांचा सिकलसेल परत आला, आणि त्यातला एक जण पुढे मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. निखिलच्या पेशी टिकतील असं डॉक्टरांना वाटतं, पण हमी कोणी देत नाही. ही ट्रायल आहे. सही करण्याआधी त्याने एकेक पान वाचलं आणि मला बाहेर पाठवून एकट्याने ठरवलं. आणि नीट चाललं तरी खुब्याचं जे हाड रक्ताअभावी आधीच मेलंय ते परत येणार नाही. दुखणं हळूहळू, महिन्यामहिन्याने उतरेल. म्हणून सहा हा आकडा ऐकून घाबरू नका.

तुम्ही पाठवलेली जनुक कापायच्या उपचाराची बातमी खरी आहे. डिसेंबर 2023 मध्ये इथे मंजुरी मिळाली. किंमत 22 लाख डॉलर आणि त्याआधी जबर केमो. ज्यांना जुळणारं भावंड नाही त्यांच्यासाठी ती मोठी आशा आहे. आपल्याकडे मी होते. भावंडं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. इथे उपचाराचे पैसे घेत नाहीत, सरकारी संशोधन संस्था आहे, म्हणून तुम्ही घर विकायचा विषय आता कायमचा बंद करा.

आई, मावशीला तू म्हणालीस ना, "माझ्याच रक्ताने पोराला खाल्लं"? तिने मला सांगितलं. असं पुन्हा बोलू नकोस. तुम्ही दोघं एएस, म्हणजे आजाराचा एकच जनुक, एस, असलेले वाहक, आणि मीही एएस. दोन्हीकडचा एस निखिलच्या वाट्याला आला, यात कोणाचं चुकलं? वाहकांना मलेरिया सहसा बेतत नाही, आपल्या आज्या-पणज्या त्या तापातून तगल्या त्यात या एसचाही वाटा असेल. आणि नागपूरकडे हा आजार आहे हे डॉक्टरांनी 1958 सालीच लिहून ठेवलं होतं, पण आपल्या गल्लीत तपासणीचं शिबिर आलं तेव्हा निखिल नऊ वर्षांचा होता. तुमच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला कोण सांगणार होतं? मला राग आहे तो याचा. आणि त्या डॉक्टरांचा, ज्यांनी त्याच्यासमोर "वीस वर्षं काढली तरी खूप" म्हटलं. इथेही एका इमर्जन्सीत त्याला चार तास बसवून ठेवलं होतं, नशेच्या औषधासाठी आलाय असं समजून. त्याने तुम्हाला सांगितलं नाही. तेव्हाही तो फोनवर मस्तच होता.

पेशी टिकल्या तर त्याचा रक्तगट बी चा ओ होईल, आई, तुझा आणि माझा. रक्त तपासलं तर आपल्यासारखाच एएस निघेल. फक्त एक लक्षात ठेवा: बदलतं ते रक्त. मुलांना तो द्यायचा तो एसच देणार. म्हणून स्थळं येतील तेव्हा मुलीची तपासणी हवीच. ते तोही जाणतो.

मुख्य विनंती आता. "बरा होशील ना?", "दुखत नाही ना?" असं त्याला विचारू नका. तुमच्यासाठी तो होच म्हणणार, आणि मग दुखलं तरी नर्सला सांगायला संकोचतो. मी दोनदा पाहिलंय. त्याऐवजी "आज किती?" विचारा. सहा म्हणाला तर "बरं, सहा" म्हणा आणि पुढे काहीही बोला. शेजारच्यांच्या गाईचं वासरू, उमरेडची उष्णता, काकांच्या पायाचं ऑपरेशन. त्याला सगळं ऐकायचं असतं.

शंभर दिवस इथेच राहावं लागेल. बाहेरचं खाणं बंद, कच्चं काहीच नाही. आई, वरणाला फोडणी देताना तू मोबाइल चुलीजवळ ठेवत जा, आवाज ऐकतो म्हणालाय.

रविवारी सकाळी तुमच्या आठ वाजता फोन करते.

तुमची,
सुजाता